भरती-ओहोटीची लय यंत्रात पकडणारे लॉर्ड केल्विन

तापमानाच्या निरपेक्ष मापनश्रेणीमुळे लॉर्ड केल्विन यांचे नाव विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. मात्र समुद्राच्या गुंतागुंतीच्या हालचालीतून ठरावीक लयी नेमकेपणाने शोधून काढण्याचे त्यांचे कार्य तितकेसे ज्ञात नाही. मुंबई, कराची, कोलकाता यांसारख्या बंदरांत जहाजे सुरक्षितपणे आणण्यासाठी लागणारी भरती-ओहोटीची कोष्टके याच कार्यातून आकाराला आली. टेलिफोनवर दाबलेला अंक ओळखण्यासाठी आज जे तत्त्व वापरले जाते, तेच तत्त्व केल्विन यांनी दीडशे वर्षांपूर्वी पितळी चाके, कप्प्या आणि तारेच्या साह्याने राबवले होते.

केल्विन यांचे मूळ नाव विल्यम थॉमसन. त्यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील जेम्स थॉमसन हे गणिताचे अध्यापक होते. विल्यम सहा वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले आणि मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी वडिलांनी स्वतःकडे घेतली. १८३२ मध्ये वडिलांची ग्लासगो विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाल्याने हे कुटुंब स्कॉटलंडमध्ये स्थायिक झाले. विल्यम यांनी वयाच्या दहाव्या वर्षी याच विद्यापीठात विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला.

फूरिये यांच्या ग्रंथाचा प्रभाव

१८४० च्या मे महिन्यात विल्यम यांच्या हाती एक फ्रेंच ग्रंथ आला. जोसेफ फूरिये यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेला, उष्णतेच्या वहनाची मीमांसा करणारा हा ग्रंथ त्यांनी पंधरा दिवसांत वाचून संपवला. त्या वेळी त्यांना सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

कितीही वेडीवाकडी दिसणारी, पण ठरावीक काळाने पुन्हा येणारी रेषा ही अनेक साध्या, नियमित लहरींची बेरीज असते, असे फूरिये यांचे प्रतिपादन होते. त्या बेरजेतील प्रत्येक लहर किती मोठी आहे, हे गणिताने स्वतंत्रपणे काढता येते, हे त्याचे दुसरे अंग. एडिंबरा विद्यापीठातील प्राध्यापक फिलिप केलंड यांनी मात्र फूरिये यांची बरीचशी सूत्रे चुकीची असल्याचे आपल्या पुस्तकात लिहिले होते. सोळा वर्षांच्या विल्यम यांनी ही सूत्रे तपासली आणि फूरिये यांची बाजू मांडणारा लेख लिहिला. १८४१ मध्ये केंब्रिज येथील गणितविषयक नियतकालिकात हा लेख प्रसिद्ध झाला. लेखकाच्या नावाच्या जागी केवळ तीन आद्याक्षरे होती आणि तीही खरी नव्हती.

केंब्रिजमधील पीटरहाउस महाविद्यालयात त्यांचे पुढील शिक्षण झाले. १८४५ च्या गणित परीक्षेत ते दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. त्यानंतर काही काळ त्यांनी पॅरिसमध्ये प्रायोगिक कामाचा अनुभव घेतला. १८४६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ग्लासगो विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकपदी त्यांची निवड झाली. हे पद त्यांनी सलग ५३ वर्षे सांभाळले. १८४८ मध्ये त्यांनी निरपेक्ष तापमानाची संकल्पना मांडली आणि १८५१ मध्ये उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाला स्वरूप दिले.

सागरतळावरील तारायंत्र

फूरिये यांच्या गणिताचा पहिला मोठा व्यावहारिक उपयोग थॉमसन यांना समुद्राखालील तारायंत्रासाठी झाला. लोखंडाच्या कांबीचे एक टोक तापवल्यास उष्णता जशी हळूहळू पसरत जाते, तसाच विद्युतसंकेतही लांब सागरी तारेतून पसरत आणि विरत जातो, हे त्यांनी १८५४ मध्ये दाखवून दिले. तार दुप्पट लांब केली, तर संकेत पोहोचण्यास लागणारा विलंब चौपट होतो, असा याचा अर्थ होता. अटलांटिक महासागरात तार टाकण्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीचे विद्युत अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे निष्कर्ष मान्य नव्हते.

१८५८ मध्ये आयर्लंड आणि उत्तर अमेरिका यांना जोडणारी तार टाकली गेली. थॉमसन यांनी तयार केलेल्या आरशाच्या गॅल्व्हानोमीटरमुळे अत्यंत क्षीण संकेतही वाचता येत होते. व्हाइटहाउस यांनी मात्र तारेवर सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिला. आधीच सदोष असलेली ही तार काही आठवड्यांतच निकामी झाली. आठ वर्षांनंतर, १८६६ मध्ये, ग्रेट ईस्टर्न या जहाजाने टाकलेली तार यशस्वी ठरली आणि त्याच वर्षी थॉमसन यांना सर हा किताब मिळाला. पुढे १८७० मध्ये याच जहाजाने एडन ते मुंबई ही सागरी तार टाकली.

भरतीच्या नोंदींतील लयी

समुद्राला भरती चंद्रामुळे येते, हे किनाऱ्यावरील लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोकण किनाऱ्यावर तिथीच्या पाऊणपटीवरून पूर्ण भरतीच्या वेळेचा अंदाज बांधण्याची रीत आहे. मासेमारीच्या होडीला एवढा अंदाज पुरेसा होतो. खोल बुडाच्या मोठ्या जहाजाला मात्र पाण्याची पातळी किती फूट असेल, हेही आधी कळावे लागते. आणि ही पातळी एकट्या चंद्रावर अवलंबून नसते.

चंद्रामुळे १२ तास २५ मिनिटांची एक लय निर्माण होते, तर सूर्यामुळे बरोबर १२ तासांची. या दोन्ही लयी जुळल्या म्हणजे अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. त्या परस्परविरुद्ध झाल्या म्हणजे अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते. चंद्र पृथ्वीच्या कधी जवळ तर कधी दूर असतो, त्याची एक निराळी लय असते. चंद्र आणि सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेस-दक्षिणेस सरकतात, त्यामुळे दिवसातून एकदा येणाऱ्या लयी निर्माण होतात. मुंबईत एकाच दिवशीच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्याचे कारण हेच आहे. प्रत्यक्ष समुद्रात या सर्व लयी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि किनाऱ्यावरील भरतीमापकाची लेखणी त्यांची केवळ बेरीज कागदावर उमटवते.

ब्रिटिश विज्ञान संस्थेने थॉमसन यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये भरतीच्या नोंदींचे विश्लेषण करण्यासाठी एक समिती नेमली. थॉमसन यांची पद्धत एका निरीक्षणावर आधारलेली होती. समुद्रात कोणत्या लयी असणार, हे खगोलशास्त्रावरून आधीच ठाऊक असते. त्यामुळे सर्व संभाव्य लयी शोधत बसण्याची आवश्यकता नसते. ज्या लयी असणार आहेत, तेवढ्यांचीच त्या विशिष्ट बंदरातील उंची आणि वेळ काढली म्हणजे काम भागते.

त्यासाठी शोधायच्या लयीची एक आदर्श लहर घेतली जाते. दर तासाच्या पाण्याच्या उंचीला त्या लहरीच्या त्या वेळच्या मूल्याने गुणले जाते आणि सर्व गुणाकारांची बेरीज केली जाते. नोंदीतील जो भाग त्या लहरीबरोबर वर-खाली होतो, त्याचे गुणाकार साठत जातात. इतर लयींचे गुणाकार कधी धन तर कधी ऋण येतात आणि दीर्घ काळात एकमेकांना खोडून टाकतात. एकदा मूळ लहर आणि एकदा पाव आवर्तनाने पुढे सरकवलेली लहर घेऊन हा हिशेब केला, की लयीची उंची आणि तिची वेळ दोन्ही हाती येतात.

या पद्धतीची एक अट होती. दोन लयी जितक्या जवळच्या, तितक्या अधिक दिवसांच्या नोंदी आवश्यक असतात. चंद्राची मुख्य लय आणि सूर्याची मुख्य लय वेगळ्या काढण्यासाठी सुमारे १५ दिवस पुरतात. परंतु सूर्याच्या लयीच्या अगदी निकट असलेली आणखी एक लय आहे, ती वेगळी काढण्यासाठी सुमारे सहा महिने समुद्राचे निरीक्षण करावे लागते. वर्षभराच्या तासागणिक नोंदी म्हणजे ८,७६० आकडे होतात. प्रत्येक लयीसाठी हे सर्व आकडे पुन्हा नव्याने मांडावे लागत. नाविक पंचांगाच्या कार्यालयातील गणितज्ञ एडवर्ड रॉबर्ट्स यांनी या किचकट आकडेमोडीचा भार उचलला.

बेरीज करणारी तार

विश्लेषणानंतर दुसरा प्रश्न उभा राहिला. मिळालेल्या लयी पुन्हा एकत्र करून पुढील वर्षातील प्रत्येक दिवसाची भरती वर्तवायची, तर तितकीच मोठी आकडेमोड करावी लागणार होती. १८७२ मध्ये ब्रायटन येथील अधिवेशनाला रेल्वेने जात असताना थॉमसन यांनी ही अडचण अभियंता बोशँप टॉवर यांना सांगितली. अनेक कप्प्यांवरून एकच साखळी फिरवावी, अशी सूचना टॉवर यांनी केली आणि यंत्राची कल्पना पूर्णत्वास गेली.

या यंत्रात प्रत्येक लयीसाठी एक फिरणारी भुजा आणि तिच्यावर एक कप्पी होती. भुजेची लांबी त्या बंदरातील लयीच्या उंचीनुसार ठेवली जाई. दातेरी चाकांच्या प्रमाणानुसार प्रत्येक भुजा आपापल्या गतीने फिरे. सर्व कप्प्यांच्या खालून-वरून जाणारी एकच तार त्यांच्या हालचालींची बेरीज करत असे. तारेचे एक टोक पक्के बांधलेले आणि दुसऱ्या टोकाला लेखणी, अशी ही रचना होती. दहा लयींचे हे पहिले यंत्र एका बंदराची वर्षभराची भरती-ओहोटी सुमारे चार तासांत कागदावर रेखाटत असे. हे यंत्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन करण्यात आले आहे.

नोंदींचे विश्लेषण करण्याचे कामही यंत्राकडे सोपवण्याचा थॉमसन यांचा प्रयत्न होता. त्यांचे थोरले बंधू, अभियंता जेम्स थॉमसन यांनी तबकडी, गोळा आणि दंडगोल यांच्या साह्याने गुणाकारांची बेरीज करणारी युक्ती शोधली होती. तिच्या आधारे १८७६ मध्ये विल्यम यांनी विश्लेषक यंत्राची रचना मांडली. भरतीसाठीच्या यंत्रात अशा अकरा युक्त्या बसवण्यात आल्या. पाच लयींसाठी प्रत्येकी दोन आणि समुद्राच्या सरासरी पातळीसाठी एक, असा हा हिशेब होता.

भारतीय बंदरांसाठी यंत्र

भारतात भरतीच्या शास्त्रीय नोंदींची सुरुवात वेगळ्या कारणाने झाली. कच्छच्या रणाजवळील जमिनीची पातळी बदलते आहे काय, हे पाहण्यासाठी सर्वेक्षण विभागाचे अधिकारी ए. डब्ल्यू. बेअर्ड यांनी १८७० च्या दशकात कच्छच्या आखातात भरतीमापक बसवले. त्यानंतर हे काम इतर बंदरांपर्यंत विस्तारले. मुंबईत अपोलो बंदर येथील नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत. मुंबईची प्रिन्सेस गोदी १८८० मध्ये सुरू झाली. या गोदीत जहाजे भरतीच्या सुमारासच आत घेता येत असत. त्यामुळे भरतीची वेळ आणि उंची आधी कळणे ही तेथील दैनंदिन गरज होती. हुगळी नदीतील गाळाचे उंचवटे ओलांडून कोलकात्याला पोहोचणाऱ्या जहाजांसाठी तर हा जीवन-मरणाचा प्रश्न होता.

भारतीय बंदरांसाठी १८७९ मध्ये लंडनमध्ये स्वतंत्र यंत्र तयार करण्यात आले. त्यात प्रारंभी २० लयींची सोय होती, ती पुढे २४ करण्यात आली. भारतातील नोंदींवरून काढलेली मूल्ये या यंत्रावर बसवून रॉबर्ट्स लंडनमध्ये कोष्टके तयार करत आणि ती भारतात पाठवली जात. भारताच्या समुद्राचा हिशेब अशा प्रकारे सुमारे ४० वर्षे परदेशात होत राहिला. १९२१ मध्ये हे यंत्र डेहराडून येथे भारतीय सर्वेक्षण विभागाकडे आणण्यात आले.

या यंत्रांच्या श्रेयावरून वादही झाला. थॉमसन यांनी १८८१ मध्ये लंडनमधील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे या विषयावर निबंध वाचला, तेव्हा रॉबर्ट्स यांनी आपल्या वाट्याचे श्रेय जाहीरपणे मागितले. चाकांच्या दातांचे प्रमाण रॉबर्ट्स यांनी काढले होते आणि भारतीय यंत्राच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता. थॉमसन यांनी मूळ कल्पना आपली असल्याची भूमिका सोडली नाही. सामान्य वाचकाच्या स्मरणात केल्विन यांचेच नाव राहिले. वर्षानुवर्षे आकड्यांचे रकाने भरणाऱ्या रॉबर्ट्स यांचे नाव या विषयाच्या अभ्यासकांपुरते उरले.

एक मोठी चूक

फूरिये यांच्या ज्या गणिताने थॉमसन यांना यश दिले, त्याच गणिताने त्यांना चकवलेही. पृथ्वी एके काळी तप्त गोळा होती आणि ती कांबीप्रमाणे थंड होत गेली, असे गृहीत धरून त्यांनी १८६२ मध्ये पृथ्वीचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान असल्याचे मांडले. पुढे १८९७ मध्ये त्यांनी ही मर्यादा २ ते ४ कोटी वर्षांपर्यंत खाली आणली. भूशास्त्रज्ञ आणि उत्क्रांतिवादाचे समर्थक यांना इतका अल्प काळ मान्य होण्यासारखा नव्हता.

थॉमसन यांचेच माजी सहायक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये या गृहीतकावर आक्षेप घेतला. पृथ्वीच्या अंतर्भागात उष्णता अधिक सहजपणे वाहत असेल, तर हा हिशेब कोलमडतो, असे त्यांनी दाखवले. त्यानंतर किरणोत्सर्गाचा शोध लागला आणि पृथ्वीच्या पोटात उष्णतेचा वेगळा स्रोत असल्याचेही स्पष्ट झाले. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. समुद्रात कोणत्या लयी असणार, हे थॉमसन यांना आकाशावरून ठाऊक होते. पृथ्वीच्या पोटात काय आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. दोन्ही ठिकाणी गणित अचूक होते. फरक होता तो आधी मिळालेल्या माहितीचा.

अंकीय युगातील वारसा

थॉमसन यांना १८९२ मध्ये सरदारकी मिळाली. ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव त्यांनी आपल्या किताबासाठी निवडले. १८९० ते १८९५ या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८९९ मध्ये प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याच विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून पुन्हा नाव नोंदवले. १७ डिसेंबर १९०७ रोजी स्कॉटलंडमधील लार्ग्ज येथील निवासस्थानी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये, न्यूटन यांच्या समाधीजवळ त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या पश्चात कप्प्यांची ही यंत्रे अनेक दशके चालू राहिली. जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा तेथील भरतीचे भाकीत लिव्हरपूल येथील आर्थर डूडसन यांनी अशाच दोन यंत्रांवर केले होते. त्यांपैकी एक केल्विन यांच्या नावाने, तर दुसरे रॉबर्ट्स यांच्या नावाने ओळखले जाई.

संगणकाच्या युगात हाच प्रश्न नव्या रूपात समोर आला. ध्वनी, प्रकाश किंवा विद्युतसंकेत यांचे आकड्यांत रूपांतर केल्यावर त्यांत विशिष्ट वारंवारता आहे की नाही, हे कमीत कमी आकडेमोडीत कसे ओळखावे, हा तो प्रश्न होय. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेराल्ड गोर्टझेल यांनी १९५८ मध्ये त्यासाठी एक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. यात नवा आकडा आला, की आधीच्या उत्तराला एका ठरावीक संख्येने गुणायचे, त्यात नवा आकडा मिळवायचा आणि त्याच्याही आधीचे उत्तर वजा करायचे. ही ठरावीक संख्या शोधायच्या वारंवारतेवरून आधीच काढून ठेवता येते. प्रत्येक आकड्यामागे एकच गुणाकार करावा लागतो आणि केवळ दोन उत्तरे लक्षात ठेवावी लागतात.

टेलिफोनची कळ दाबली असता ऐकू येणारा आवाज दोन सुरांचा बनलेला असतो. १९६३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या पद्धतीत एकूण आठ सूर आहेत. पाच हा अंक दाबला, तर ७७० आणि १३३६ हर्ट्झचे सूर उमटतात. संकेताचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जात असताना २०५ नमुने, म्हणजे सुमारे २६ मिलीसेकंदांचा आवाज, हे सूर ओळखण्यास पुरेसा ठरतो. १९६५ पासून प्रचलित झालेली जलद फूरिये रूपांतराची पद्धत सर्व वारंवारता एकदम काढून देते. परंतु केवळ आठच सूर तपासायचे असतील, तर गोर्टझेल यांची रीत स्वस्त पडते. येथेही जवळजवळचे सूर वेगळे ओळखायचे असतील, तर अधिक वेळ ऐकावे लागते. समुद्रासाठी सहा महिने, टेलिफोनसाठी सेकंदाचा चाळिसावा भाग, इतकाच फरक आहे.

भारतीय सर्वेक्षण विभाग आजही दरवर्षी बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो. कप्प्या आणि तारेची जागा संगणकाने घेतली असली, तरी थॉमसन यांच्या समितीने चंद्र-सूर्याच्या लयींना दिलेली अक्षरे जगभरातील भरतीच्या गणितात अद्याप तीच आहेत.